संगणकातली हौसाबाई

‘रुग्णसेवेचे व्रत’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी कळवलं, की व्रतावर मला लिहिता येणार नाही. व्रत धरतात आणि दुसऱ्या दिवशी सोडतात. नर्सिंग ही माझी नोकरी होती. पोट तिच्यावर चाललं आणि डोकंही तिच्यातच चालवलं. डोकं चालवण्यावर लिहू देणार असाल तर लिहिते. संपादक भले निघाले, हो म्हणाले.

मी भोंगवलीची. आमच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. पुण्यात बरीच वर्षं वॉर्डात काम केलं, मग भोरमध्ये एका संस्थेच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. पुण्यातलं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऑपरेशन झालेला एक माणूस होता. दुपारपासून तो मला बरा वाटेना. अंगाला गार घाम, नजर भिरभिरणारी. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “बीपी ठीक आहे ना? मग?” थोड्या वेळानं परत जाऊन सांगितलं. “तू डॉक्टर आहेस का?” संध्याकाळी तो माणूस गेला. त्याची बायको बाहेर डबा घेऊन बसली होती. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही, मलाही नाही. पण त्या दिवसापासून ‘तू डॉक्टर आहेस का’ हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी, चादर बदलणारी, नातेवाइकांवर ओरडणारी. खरं म्हणजे डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. बाकीचा सगळा वेळ खाटेजवळ असते ती नर्स. हा पेशंट नुसता कंटाळलाय का बिघडत चाललाय, आता बोलवायचं का थांबायचं, बोलवलेला माणूस येईपर्यंत आपल्या हातानं काय करायचं, हे तिलाच ठरवावं लागतं. न ठरवणं हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि बहुतेक वेळा वाईट. पण हे शिकवतात कुठं? पुस्तकात लक्षणं असतात, ती पाठ करून मुली पास होतात. वॉर्डात नेलं तर चाळीस नजरांसमोर एक खाट. आणि खऱ्या बाईवर कुणाला चुकू देणार?

म्हणून आमच्या स्कूलमध्ये संगणकावरचे पेशंट आले, तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी नाक मुरडलं आणि मी खुर्ची ओढून बसले. सोपं असतं ते. पडद्यावर खाट, खाटेवर पेशंट. बाजूला नाडी, श्वास, बीपीचे आकडे, आणि वर घड्याळ पळत असतं. तुम्ही त्याला प्रश्न विचारू शकता, तपासू शकता, सलाइन लावू शकता, डॉक्टरांना बोलवू शकता. काहीच केलं नाही तरी घड्याळ थांबत नाही. तुम्ही जे कराल त्याप्रमाणे पेशंट सुधारतो नाहीतर मरतो. मेला तर सगळं पहिल्यापासून. जगात एवढी सोय दुसरीकडे कुठं आहे?

पण ते पेशंट परदेशी होते. गोरे, गुबगुबीत, आणि बोलायला फार हुशार. “माझ्या छातीत डाव्या बाजूला दाबल्यासारखं दुखतंय आणि कळ हातात उतरतेय.” आमच्या भोर-वेल्ह्याकडचा पेशंट असं बोलतो का? तो दोन डोंगर उतरून, टेम्पोत बसून येतो आणि विचारलं तर म्हणतो, “बरं हाय.” बायका तर जास्तच. तोंड पांढरं पडलेलं असतं, ओठ सुकलेले असतात, आणि “काय न्हाई बाई, बरं हाय.” दुखतंय म्हटलं तर घरचे वैतागतील, पैसे जातील, जनावरांचं कोण बघणार, हे सगळं त्या ‘बरं हाय’मध्ये असतं. आमच्या मुलींना हेच ऐकायला शिकायचं होतं. आणि परदेशी पेशंटांचं तर महिन्याभरातच कुठलं बटण बरोबर ते त्या एकमेकींना सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

संगणक शिकवणारे अमोल सर होते, जेमतेम तिशीचे. ते म्हणाले, “मॅडम, यात आपला पेशंटही घालता येतो. तुम्ही गोष्ट लिहा, मी बसवतो.” मी हौसाबाई लिहिली. वय तेवीस, दुसरं बाळंतपण, बाळ बरं, बाई हसतमुख. आवाज हवा होता. आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाई भाटघरच्या. त्यांना तेवीस वर्षांची व्हायचं म्हटल्यावर त्या आधी लाजल्या, मग पदर खोचून मोबाईलसमोर बसल्या. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच, पण दर वेळी जरा दमलेलं: “बरं हाय की.”

हौसाबाईला आतून रक्तस्राव होत असतो. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून कडक व्हायला हवं. ते सैल राहिलं तर रक्त थांबत नाही. तरुण बाईचं अंग बराच वेळ तग धरतं. बीपी चांगलं दिसतं, नाडी मात्र हळूहळू वाढत जाते. बीपी पडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. पहिल्या दिवशी वर्गातल्या एकूण एक मुलीनं हौसाबाईला विचारलं, कसं वाटतंय? तिनं सांगितलं, बरं हाय. मुलींनी बीपी बघितलं, ते चांगलं होतं. सगळ्यांच्या हौसाबाया मेल्या.

दुपारी शेवंताबाई ताटात भाजी वाढताना मुलींना म्हणाल्या, “मारली न्हवं मला? आता खावा माज्याच हातचं.”

जेवण झाल्यावर मी मुलींना गोल करून बसवलं. या धंद्यात खरं शिकणं इथं असतं, पडद्यावर नसतं. मी उत्तर सांगत नाही. काय बघितलंस, कशावरून ठरवलंस, शंका कधी आली, एवढंच विचारते. मग मागून बारीक आवाज आला, “शंका आली होती मॅडम. नाडी वाढलेली दिसली होती. पण म्हटलं, आपण कोण.”

ती सुवर्णा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. वडील भातशेती करायचे. पोरगी हुशार, पण आवाज असा, की तिचं बोलणं ऐकायला तिच्याजवळ जावं लागे. “आपण कोण.” माझ्या मुलींचा रोग तिनं दोन शब्दांत सांगितला. लक्षणं त्यांना माहीत होती. माहीत असलेलं बोलायला आपल्याला परवानगी आहे, हे माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी धडाच बदलला. पडद्यावर पोट सैल का घट्ट ते हाताला कळत नाही. शेवंताबाईंनी पिठाचे दोन गोळे मळून दिले, एक घट्ट, एक सैल. ते फडक्याखाली ठेवून मुली डोळे मिटून चाचपायच्या. आणि डॉक्टरांना बोलवायचं बटण आम्ही काढून टाकलं. त्याऐवजी खराच फोन करायचा, शेजारच्या खोलीत अमोल सरांना. त्यांना मी बजावलं होतं, की वैतागून बोलायचं. “कशाला फोन केलास? सिस्टर कुठे आहे? बीपी किती?” मुलींनी चार गोष्टी सांगायच्या: मी कोण बोलतेय, काय झालंय, मला काय वाटतंय आणि तुम्ही काय करायला हवं. तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीला सगळ्यांची जीभ अडायची. ‘मला वाटतं’ आणि ‘तुम्ही या’. सुवर्णानं पहिल्या वेळी फोन ठेवून दिला आणि रडली. दुसऱ्या आठवड्यात तिनं रडत रडत चौथं वाक्य म्हटलं. पुढं रडणं गेलं, वाक्य राहिलं.

पावसाळा संपता संपता तिच्या तुकडीची ड्युटी डोंगराकडच्या एका दवाखान्यात लागली. तिथं एक डॉक्टर आणि त्या दुपारी एकच सिस्टर. वॉर्डात सकाळी बाळंत झालेली एक बाई होती. सुवर्णा आणि तिची मैत्रीण तिच्याजवळ होत्या. सुवर्णानं विचारलं, “ताई, कसं वाटतंय?”

“बरं हाय.”

सुवर्णानं मला नंतर सांगितलं, की ते ऐकून तिला शेवंताबाईंचा आवाज आठवला. तिनं नाडी बघितली, ती पळत होती. पोटावर हात ठेवला, तो सैल पिठात रुतावा तसा रुतला. खालचं कापड रक्तानं भिजत चाललं होतं. बीपी चांगलं होतं. सिस्टर आत दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात अडकलेली, बाळाचं डोकं दिसत होतं, तिला जागचं हलता येईना. ती आतूनच ओरडली, “पोट चोळत राहा आणि सरांना फोन कर.” सुवर्णानं पोट चोळायला घेतलं, लघवी तुंबून पोट सैल राहिलेलं नाही ना ते बघितलं, मैत्रिणीचा हात पोटावर ठेवला आणि फोन केला. डॉक्टर मागच्या क्वार्टरमध्ये जेवायला गेले होते. तिनं नाडी सांगितली. त्यांनी बीपी विचारलं. बीपी ऐकून म्हणाले, “ठीक आहे. सिस्टर मोकळी झाली की बघेल.” पोट चोळलं की आवळायचं आणि हात काढला की परत सैल. तिनं दुसऱ्यांदा फोन केला. “पुन्हा फोन करू नकोस.”

मग ती मैत्रिणीला तिथंच चोळत ठेवून दवाखान्यामागे धावली आणि दार वाजवलं. बाईची सासू काय झालं काय झालं करत मागोमाग आली होती. डॉक्टरांनी दार उघडलं. सुवर्णा म्हणाली, “सर, मी सुवर्णा, विद्यार्थिनी. बाईचं पोट सैल आहे, रक्त थांबत नाही, नाडी वाढत चाललीय. मला वाटतं ती शॉकमध्ये जातेय. तुम्ही आत्ता यायला हवं.”

सासू मागं उभी. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण ते आले. आणि आल्यावर त्यांनी झटपट, चांगलं काम केलं, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून लिहिते. बाळामागून पडणाऱ्या वारेचा तुकडा आत राहिला होता. इंजेक्शन, सलाइन सगळं सुरू करून त्यांनी १०८ बोलावली आणि बाईला पुण्याला पाठवलं. बाई जगली. नंतर बाळाला घेऊन घरी गेली.

आणि तक्रार आली ती सुवर्णाविरुद्ध. विद्यार्थिनीनं नातेवाइकांसमोर डॉक्टरांना उद्धटपणे सुनावलं, ड्युटीची जागा सोडली. आमच्या संस्थेच्या सचिवांनी सुवर्णाच्या वडिलांना बोलावून घेतलं, मलाही बोलावलं. डॉक्टर स्वतः आले होते. सचिव म्हणाले, “दोन ओळींचा माफीनामा. असं पुन्हा होणार नाही, एवढं लिहून द्यायचं. नाहीतर त्या दवाखान्यात आपल्या मुली घ्यायच्या बंद होतील. विषय वाढवू नका, बाई.”

“कशाबद्दलची माफी, तेवढं सांगा,” मी म्हटलं.

“वर्तनाबद्दल.”

“कुठलं वर्तन? नाडी मोजल्याचं?”

सचिवांनी माझ्याकडे न बघता सुवर्णाच्या वडिलांकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेला बसले होते. ते मला म्हणाले, “मॅडम, पोरीचं वरीस वाया जाया नको. आमी गरीब मान्सं. लिवून देऊ द्या तिला.” मग लेकीला म्हणाले, “दे बाळ लिवून. त्यात काय जातंय?”

बापलेकीच्या मध्ये पडायचा हक्क मला नव्हता. तिनं लिहून दिलं असतं तरी मी तिला नावं ठेवली नसती. पण सुवर्णा उभी राहिली. आवाज बारीकच होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

“सर, तुमच्या जेवणात दार वाजवलं, त्याची माफी मागते. त्या आजींसमोर बोलले, त्याचीही मागते. तेवढं लिहून देते. पण पुन्हा असं करणार नाही, हे नाही लिहिणार. कारण पुन्हा तसं झालं तर मी करणार. मग आत्ता खोटं कशाला लिहू?”

तिच्या वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि डॉक्टरांकडे बघून सावकाश म्हणाले, “सायेब, पोरगी खरं बोलती. तिला खोटं न्हाई शिकिवलं आमी.”

डॉक्टर उठले. “राहू द्या,” एवढंच म्हणाले आणि गेले. त्या ‘राहू द्या’त राग होता का आणखी काही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माफीनामा राहून गेला. सचिवांना मात्र कुठंतरी राग काढायचा होता. ते म्हणाले, “हे सगळं त्या संगणकाच्या खेळामुळे. मुली स्वतःला डॉक्टर समजायला लागल्यात.” दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं. सुवर्णाला त्या दवाखान्यातल्या कामाचे मार्क जेमतेम पास होण्याइतकेच मिळाले. मी भांडले, उपयोग झाला नाही. त्याची खंत मला आहे. त्याहून मोठी खंत ही, की मुलींना बोलायला शिकवायची सोय आम्ही केली, पण ज्यांनी त्यांचं ऐकायचं त्यांना शिकवायची सोय कुणी केली नाही. अर्धाच धडा शिकवून मी त्यांना पाठवत होते, हे मला कळत होतं. पण तो अर्धा धडा मी सोडणार नव्हते.

कुलपाचं मेसमध्ये कळल्यावर शेवंताबाई हात पुसत वर्गात आल्या. “मशीन बंद केलं तर करू द्या. म्या जित्ती हाय न्हवं? मीच येती.” आणि जेवणाची भांडी आवरली, की त्या रोज वर्गातल्या सरावाच्या खाटेवर येऊन पडायला लागल्या. पोटावर पदराखाली पिठाचा गोळा. मी फळ्यावर दर थोड्या वेळानं नाडीचा आकडा पुसून नवा लिहायची. अमोल सर बाहेर पायरीवर बसून फोनवर खेकसायचे. संगणकापेक्षा हे अवघड होतं, कारण शेवंताबाई मधेच मुलीचा हात धरून विचारायच्या, “बाय, माझ्या लेकराला दूध पाजलं का?” मुलीचं लक्ष तिकडे गेलं, की नाडी निसटायची. खऱ्या वॉर्डात हेच होतं.

एके दिवशी सचिव वऱ्हांड्यातून जाताना दारात थबकले. खाटेवर शेवंताबाई, भोवती मुली, एकीचा हात पोटावर. त्यांना वाटलं बाई खरंच आजारी पडल्या. घाईनं आत येऊन म्हणाले, “शेवंताबाई, काय होतंय तुम्हाला?”

शेवंताबाईंनी डोळे अर्धवट उघडले. “काय न्हाई सायेब. बरं हाय.”

“अहो, मग झोपलात कशाला?” ते माझ्याकडे वळले. “डॉक्टरांना बोलवलंत का?”

एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “बोलवलंय सर. येत नाहीयेत.”

सचिवांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते निघून गेले. मला वाटलं आता ही खाटही जाणार. तसं काही झालं नाही. काही महिन्यांनी तपासणीचं पथक येणार म्हणून निरोप आला आणि संगणकाच्या खोलीचं कुलूप निघालं, धूळ झटकली गेली, दाराबाहेर नवी पाटी लागली. सचिवांनी पाहुण्यांना आत नेऊन हौसाबाई दाखवली. “आमचा स्वतःचा पेशंट आहे हा, स्थानिक भाषेतला,” असं अभिमानानं सांगितलं. मी मागं उभी होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, शेवंताबाईंचं घेतलं नाही याचं वाटलं. म्हणून पाहुण्यांचा चहा घेऊन त्या आल्या तेव्हा मीच मोठ्यानं सांगितलं, “या हौसाबाई.” पथकातल्या एक बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना नमस्कार केला.

खोली पुन्हा बंद झाली नाही. मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात माझ्या नम्रतेबद्दल दोन भाषणं झाली. मी उत्तरात म्हटलं, वक्त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी माहिती मिळवलेली दिसते.

अजूनही लोक विचारतात, की मशीनवर मेलेल्या खोट्या बाईपासून काय शिकायचं? आणि मुलींना असं वर बोलायला शिकवून तुम्ही त्यांच्या नोकऱ्या धोक्यात घालता, असंही सांगतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाळ घेऊन वेल्ह्याला घरी गेलं. दुसरं म्हणणं खरं आहे. धोका आहे. मी कधी लपवला नाही.

मागच्या महिन्यात सुवर्णाचा फोन आला. पास होऊन ती पुण्यात नोकरी शोधत होती. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये मुलाखतीत तिला विचारलं, “डॉक्टर म्हणाले थांब, आणि तुला वाटलं पेशंट बिघडतोय, तर काय करशील?” ती म्हणाली, “परत सांगेन. नाही ऐकलं तर त्यांच्या वरच्यांना सांगेन.” त्यांनी तिला घेतलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी मुलाखत झाली, त्याचं सांगायला तिनं फोन केला होता.

“तिथंही तेच विचारलं, मॅडम.”

“मग काय सांगितलंस?” मी विचारलं.

“तेच,” ती म्हणाली. “सोमवारपासून ये म्हणालेत.”